सहा हजारांचे वकीलपत्र

पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविरुद्ध पुण्यात कुरबुर सुरू झाली, तेव्हा त्यातून पुढे देशाच्या राजकारणाला वळण मिळेल असे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पेशवाई बुडून पन्नास वर्षे उलटली होती. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या देवदेवेश्वराची पूजाअर्चा, नैवेद्य, नेमणुकीचे पैसे हे सगळे आता पंचांच्या हाती होते, आणि त्यांच्या व्यवहारावर लोक नाराज होते. तक्रार करावी तर कोणी? एखाद्या गृहस्थाने सरकारला अर्ज लिहिला, तर तो एका माणसाचा अर्ज. दहा जणांनी सह्या केल्या तरी दहा जणांचाच. ‘पुणेकरांचे असे म्हणणे आहे’ असे म्हणण्याचा अधिकार पुण्यात एकाही माणसापाशी नव्हता.

या अडचणीवरचा तोडगा एका वकिलाच्या सवयीतून निघाला. गणेश वासुदेव जोशी हे पुण्याच्या कोर्टात वकिली करत. वकील न्यायाधीशापुढे उभा राहतो तो स्वतःच्या मताच्या जोरावर नव्हे. पक्षकाराने सही केलेले वकीलपत्र आधी दाखल व्हावे लागते. ते नसेल, तर तो कितीही विद्वान असो, त्याचे तोंड तिथे उघडत नाही. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत कोर्टाबाहेर आणली. 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिच्या नियमांत एक कलम असे होते की, ज्याला सभासद व्हायचे असेल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचा मुखत्यारनामा आणून दाखवावा. या पन्नास जणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्याला त्यांनी दिला आहे, असा त्याचा अर्थ. आरंभीचे सभासद पंचाण्णव होते आणि त्यांच्या मागे सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या.

देशात तेव्हा राजकीय संस्था नव्हत्या असे नाही. कलकत्त्याला जमीनदारांची ब्रिटिश इंडियन असोसिएशन होती, मुंबईत बॉम्बे असोसिएशन होती, पुण्यातही तीनेक वर्षांपूर्वी एक असोसिएशन निघाली होती. पण या संस्थांत माणूस वर्गणी भरून शिरे. त्याला पाठवले कोणी, हे कोणी विचारत नसे. पुण्याच्या सभेने मात्र तो प्रश्न दारातच विचारला. भारतात निवडणुकीचा हक्क देणारा कायदा अजून दूर होता. नगरपालिकांतसुद्धा बहुतेक सभासद सरकारच नेमत असे. अशा काळात काही हजार लोकांनी कागदावर सही करून ‘आमच्या वतीने हा बोलेल’ असे म्हणावे, ही साधी गोष्ट नव्हती.

सभेचे अध्यक्षपद औंधच्या श्रीमंत पंतप्रतिनिधींकडे गेले. त्या काळाच्या रीतीला धरून हे झाले. संस्थेवर एखादा सरदार असला की सरकार तिचे पत्र निदान वाचून तरी पाही. काम मात्र जोशी करत. पत्रे लिहिणे, बैठका बोलावणे, गावोगावच्या मंडळींना धरून आणणे, वर्गणीसाठी पायपीट करणे यात त्यांचा दिवस जाई. थोड्याच काळात पुणेकरांनी त्यांचे नाव बदलून टाकले. गणेश वासुदेव मागे पडले आणि ‘सार्वजनिक काका’ तेवढे उरले.

काकांचा जन्म 1828 मधला, साताऱ्याचा. त्यांच्या लहानपणीच साताऱ्याच्या राजाचा दावा लंडनला गेला होता. इंग्रजांनी 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले आणि त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला पोहोचले. तेरा-चौदा वर्षे ते तिथे कंपनीच्या दारात आणि पार्लमेंटच्या सभासदांकडे खेटे घालत राहिले. ते तिथे असतानाच 1848 मध्ये सातारा खालसा झाले आणि ते हात हलवत परतले. या प्रकरणाची सातारकरांत केवढी चर्चा झाली असेल, हे सांगायला नको. रंगो बापूजींकडे मुखत्यारपत्र होते ते एका राजाचे. राजा मेल्यावर, राज्य गेल्यावर त्या कागदाला कोणी विचारीना. तीस वर्षांनी त्याच गावचा दुसरा माणूस नवे मुखत्यारपत्र घेऊन सरकारपुढे उभा राहिला, तेव्हा त्यावर राजाचा शिक्का नव्हता. वाण्या-ब्राह्मणांच्या, इनामदार-सावकारांच्या, पेन्शनरांच्या सह्या होत्या. या दोन कागदांमधल्या फरकात जुने राजकारण संपून नवे सुरू झालेले दिसते.

काका आधी पुण्याच्या कोर्टात नाझर होते. नाझराचे काम म्हणजे समन्स बजावणे, जप्त्या नेणे, लिलाव पुकारणे. कायदा पुस्तकात कसा असतो हे वकिलाला कळते. तो माणसाच्या दारात जाऊन काय करतो हे नाझर पाहतो. नोकरी सुटल्यावर त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. तो काळ या धंद्याच्या भरभराटीचा होता. दिवाणी कामाची नवी संहिता 1859 मध्ये आली, पिनल कोड 1862 पासून लागू झाले, त्याच वर्षी मुंबईला हायकोर्ट बसले. पंच आणि पाटील यांच्यापुढे मिटणारे तंटे आता स्टँपच्या कागदावर चढू लागले.

त्या काळचे कर्जरोखे आजही दप्तरांत सापडतात. मोडीत लिहिलेला दाट मजकूर, शेवटी खत लिहून देणाऱ्याचे नाव आणि लिहिता येत नसेल तर निशाणी. कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी, शिपाईगड्याची कट्यार. शेजारी लिहिणाऱ्याचा दस्तूर आणि साक्षीदारांची नावे. कर्जदाराला त्या मजकुरातले एक अक्षर वाचता येत नसे, पण कोर्टात त्याचा नांगर त्याच्याविरुद्ध साक्ष देई. मुदतीच्या नव्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू शेतकऱ्याला वाचवण्याचा; घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घेई, आणि कर्ज दर तीन वर्षांनी फुगत जाई. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कोर्टांत वकिली करणाऱ्याला शेतकऱ्याची ही दशा पुस्तकात वाचायची गरज नव्हती. ती रोज बोर्डावर लागत असे.

नोव्हेंबर 1871 मध्ये महादेव गोविंद रानडे सबजज्ज होऊन पुण्याला आले. न्यायमूर्ती ते पुढे झाले, पण विद्वान म्हणून त्यांचे नाव तेव्हाच झाले होते. सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना सभेच्या व्यासपीठावर पुढारी म्हणून बसता येईना. मग कामाची वाटणी आपोआप ठरून गेली. आकडे, युक्तिवाद, अर्थशास्त्र रानड्यांचे. सही, धावपळ आणि सरकारचा रोष काकांच्या वाट्याला. न्यायाधीशाने मुद्दे काढून द्यायचे आणि वकिलाने ते मांडायचे, असा हा कोर्टाला उलटा करणारा प्रकार काही वर्षे चालला.

पहिले मोठे काम जमिनीच्या साऱ्याचे होते. मुंबई इलाख्यात साऱ्याची आकारणी तीस वर्षांसाठी ठरे. इंदापूर तालुक्याची मुदत 1867 मध्ये संपली आणि फेरआकारणीत सारा बराच वाढला. मग एकेका तालुक्याची पाळी येऊ लागली. सारा वाढवताना सरकारने जो काळ पाहिला, तो अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचे मोल आलेला काळ होता. युद्ध 1865 मध्ये संपले, भाव कोसळले. सारा मात्र वाढला तो वाढलाच. सभेने 1872 मध्ये एक उपसमिती नेमली आणि दख्खनच्या शेतीची स्थिती काय आहे याची माहिती गोळा करायला घेतली. लंडनमध्ये तेव्हा हिंदुस्थानच्या जमाखर्चाची पार्लमेंटरी चौकशी चालू होती. त्या चौकशीपुढे ठेवण्यासाठी सभेने अहवाल तयार केला.

या अहवालाकडे शेतीचा कागद म्हणून पाहण्यापेक्षा खटल्याची तयारी म्हणून पाहिले, तर त्याची जात ओळखता येते. सारा किती वाढला, पिकाला भाव किती, कर्ज किती, मिठावरचा आणि जंगलावरचा कर कसा बसतो, याची उत्तरे ठिकठिकाणांहून मागवायची, ती ताडून पाहायची आणि सरकारच्याच आकड्यांशी भिडवायची. भावनेचा सूर त्यात शोधून सापडत नाही. पुढची पिढी या राजकारणाला अर्ज-विनंत्यांचे म्हणून हिणवणार होती. पण भीक मागणारा माणूस पुरावा जोडत नाही. पुरावा जोडतो तो हक्क सांगणारा.

वकिली आणि कापड यांचा वरकरणी काही संबंध नाही. तरी काकांनी 1872 मध्येच देशी कापड वापरण्याचे व्रत घेतले आणि अखेरपर्यंत पाळले. धोतर, अंगरखा, पागोटे, सगळे हातसुताचे. बंगालच्या फाळणीला अजून तेहतीस वर्षे अवकाश होता. गांधीजी दोन-तीन वर्षांचे होते. नुसते स्वतः वापरून ते थांबले नाहीत. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या रोजच्या वस्तू इथेच तयार व्हाव्यात म्हणून त्यांनी खटपट केली, देशी मालाची भागीदारीतली दुकाने काढली. रानड्यांनी व्यापारावर व्याख्याने दिली, ती ऐकायला तरुणांची गर्दी होई. या गर्दीत लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून असलेला एक जाडजूड बांध्याचा तरुण असे. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके.

पुढची पाच वर्षे अशी गेली की कायद्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाची कसोटी लागावी. जानेवारी 1875 मध्ये बडोद्याचे मल्हारराव गायकवाड पकडले गेले. रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. पुण्यात गायकवाडांच्या बाजूने मोठी खळबळ होती आणि काका त्यात पुढे होते. इंग्रज सभासदांना आरोप शाबीत वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही. मते सारखी पडली. सरकारने तरीही एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत केले. कारण दिले ते विषाचे नव्हे, राज्यकारभार बिघडल्याचे. आरोप सिद्ध झाला नाही तर शिक्षेसाठी दुसरे कारण काढता येते, हा धडा देशभरच्या वकिलांनी त्या वर्षी उघड्या डोळ्यांनी वाचला.

त्यानंतर महिन्याच्या आत, 12 मे 1875 रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. लुटीपेक्षा त्यांना खते हवी होती. जिथे सावकाराने कागद निमूट काढून दिले, तिथे बहुधा मारहाण झाली नाही. कागद जाळले की लोक पांगत. दंगल पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरली. ज्या नांगराच्या निशाण्या कोर्टात साक्ष देत, त्या आता होळीत जळत होत्या. कोर्टावरचा शेतकऱ्यांचा विश्वास कसा उडाला होता, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकले नसते.

काकांनी या सगळ्याला दिलेले उत्तर दुहेरी होते, आणि दोन्ही बाजूंनी ते वकिलाचेच होते. एकीकडे सभेने त्याच वर्षी विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज केला: हाउस ऑफ कॉमन्समध्ये हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्या. त्यावर वीस हजारांहून अधिक सह्या होत्या. सारा पुण्याचा, दंगल सुप्याची, पण दाद मागायची ती थेट जिथे कायदे होतात त्या ठिकाणी, हा त्यामागचा विचार होता. दुसरीकडे पुण्यातच सभेच्या मंडळींनी लवाद कोर्ट सुरू केले. स्टँप नाही, मुदतीच्या कचाट्यात धरणे नाही, दोन्ही पक्षांनी मान्य केलेल्या लवादाने तंटा मिटवायचा. ज्याचे पोट कोर्टातल्या तंट्यांवर चालते, त्यानेच तंटे कोर्टाबाहेर मिटवण्याची सोय करावी, यात काकांचे मन दिसते. त्यांना कोर्ट नको नव्हते. कोर्ट परवडणारे हवे होते. दंगलीच्या चौकशीनंतर सरकारने 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला. त्यात गावमुन्सफ आणि समेट घडवणारे अधिकारी नेमण्याची तरतूद आली आणि लहान दाव्यांत वकिलांना मज्जावही आला.

पण कायदा येण्याआधी दुष्काळ आला. 1876 चा पाऊस दख्खनवर पडलाच नाही. सभेने ठिकठिकाणची माहिती मागवून सरकारकडे पाठवायला सुरुवात केली. कोणत्या तालुक्यात पीक किती आणे, गुरे किती मेली, लोक कुठे निघून गेले, दुष्काळी कामांवर मजुरी काय मिळते. दुष्काळी कामांच्या देखरेखीसाठी सरकारने पाठवलेले अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा दर उतरवला, तेव्हा दुष्काळी कामावरच्या हजारो मजुरांनी काम टाकले आणि सभेने त्यांची बाजू घेतली. एवढ्याशा धान्यावर खडी फोडणारा माणूस जगू शकत नाही, हे सभेने सरकारला पुन्हा पुन्हा लिहिले.

त्याच हिवाळ्यात, 1 जानेवारी 1877 रोजी, दिल्लीला दरबार भरला. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करायचे होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी देशभरचे राजेरजवाडे बोलावले होते. हत्ती, अंबाऱ्या, जरीपटके, तोफांची सलामी. इकडे मद्रास आणि मुंबई इलाख्यांत माणसे अन्नावाचून मरत होती. त्या जरतारी गर्दीत सार्वजनिक सभेच्या वतीने काका गेले ते हातसुताच्या पांढऱ्या कपड्यांत. अंगावर दागिना नाही, हातात मानपत्र. मानपत्रात आशीर्वाद आणि अभिनंदन होते, पण मागणीही होती: राणीच्या इंग्रज प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे, तोच हिंदी प्रजेला मिळावा. पुण्याच्या वकिलाचे राजकारण देशाच्या राजकारणात दाखल झाले ते या वाक्याने. पर्वतीच्या पंचांपासून सुरू झालेला अर्ज सात वर्षांत समान नागरिकत्वापर्यंत पोहोचला होता. त्या दरबाराला कलकत्त्याचे सुरेंद्रनाथ बॅनर्जी वर्तमानपत्राचे बातमीदार म्हणून हजर होते. सरकार देशभरचे राजे एकत्र जमवू शकते, तर आपण देशभरचे पुढारी का जमवू नयेत, हा विचार तिथे त्यांच्या मनात आला.

काकांच्या वकीलपत्रात एक उणीव होती आणि ती पुण्यातच दाखवली गेली. सभेचे सभासद बहुतांशी ब्राह्मण. सरदार, इनामदार, सावकार आणि पांढरपेशे यांचा तिच्यात भरणा. ज्या शेतकऱ्याची कैफियत ती मांडे, त्याची निशाणी तिच्या मुखत्यारनाम्यांवर क्वचितच असावी. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि सार्वजनिक म्हणवणारी ही सभा कोणाची, असा रोकडा सवाल केला. तो टाळता येण्यासारखा नव्हता. खते लिहून घेणारे आणि खतांविरुद्ध अर्ज लिहिणारे एकाच वर्गातले असतील, तर पक्षकाराने त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा? गंमत अशी की फुल्यांनी घेतलेली हरकत ही सभेच्या स्वतःच्या नियमातूनच उभी राहत होती. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हा प्रश्न सभेने आपल्या सभासदांना दारात विचारला, तसा तो तिलाही विचारला गेला.

दुसरी कसोटी अधिक जवळून आली. फेब्रुवारी 1879 पासून पुणे जिल्ह्यात दरोडे पडू लागले. रामोशांना हाताशी धरून फडक्यांनी बंड उभारले होते. मे महिन्यात पुण्यातला बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा एका रात्रीत पेटले. सरकारचा संशय पुण्याच्या ब्राह्मणांवर गेला. आधीच नाशिकला पाठवलेल्या रानड्यांना तिथून धुळ्याला हलवले. जुलैमध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी गावाजवळ फडके झोपेत, तापाने फणफणलेले असताना, पकडले गेले. त्यांच्याजवळ सापडलेले स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त आणि रोजनिशी हाच त्यांच्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा ठरला.

पुण्याला खटला उभा राहिला तेव्हा वकीलपत्र घेणार कोण, हा प्रश्न होता. भल्याभल्यांना राजद्रोह्याशेजारी उभे राहण्याची धास्ती वाटत होती. काका उभे राहिले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने मागे राहण्याला हजार कारणे सांगितली असती. फडक्यांचा मार्ग काकांना मान्य नव्हता. सनदशीर राजकारणासाठी त्यांनी नऊ वर्षे रक्त आटवले होते आणि या बंडामुळे त्याच राजकारणावर सरकारची वक्रदृष्टी वळली होती. सभेवरही बालंट येण्याचा धोका होता. पण मत पटो वा न पटो, आरोपीला बचावाचा हक्क आहे, हे जो मानत नाही तो वकील कसला? शिवाय दुष्काळात जे या तरुणाने पाहिले आणि जे त्याला असह्य झाले, ते सभेच्याच अहवालांत ओळीओळींनी लिहिलेले होते. रोग एकच, उपाय निराळे. कबुलीजबाबासारखी रोजनिशी समोर असताना बचावाला फारशी जागा नव्हती. नोव्हेंबर 1879 मध्ये फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली आणि जानेवारीत त्यांना एडनला नेले. तिथून त्यांनी एकदा तुरुंग फोडून पळण्याचाही प्रयत्न केला. 1883 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला.

ती बातमी ऐकायला काका नव्हते. जुलै 1880 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते वारले. मागे त्यांनी ग्रंथ ठेवला नाही, व्याख्यानांचे संग्रह ठेवले नाहीत. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना मिळते ती रानड्यांच्या परिच्छेदातली एक ओळ. चालू राहिली ती संस्था आणि तिचे दप्तर. 1878 पासून सभेचे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले होते, आणि त्यातले बरेचसे लेखन नाव न घालता रानडे करत.

मग इतर प्रांतांतही वकिलांची पिढी पुढे आली. कलकत्त्यात सुरेंद्रनाथांच्या जोडीला आनंदमोहन बोस हे बॅरिस्टर होते. मद्रासला 1884 मध्ये महाजन सभा निघाली. मुंबईत 1885 च्या जानेवारीत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग, बद्रुद्दीन तय्यबजी हे तिचे तिन्ही कर्ते हायकोर्टातले वकील-बॅरिस्टर. याला साधे कारण होते. सरकारी नोकराला राजकारण करता येत नसे, व्यापाऱ्याला सरकारची मर्जी सांभाळावी लागे. इंग्रजी येणारा, कायदा जाणणारा आणि सरकारचा पगार न खाणारा असा एकच वर्ग होता. न्यायाधीशापुढे ताठ उभे राहून ‘महाराज, हे बेकायदा आहे’ असे म्हणण्याची त्याला रोजची सवय होती.

डिसेंबर 1885 मध्ये देशातल्या सगळ्या पुढाऱ्यांची पहिली बैठक पुण्याला भरवायचे ठरले. यजमान सार्वजनिक सभा. जागा पर्वतीच्या पायथ्याशी असलेली पेशव्यांची बाग. तयारी झाली आणि ऐन वेळी शहरात पटकी पसरली. बैठक घाईघाईने मुंबईला हलवली गेली आणि 28 डिसेंबरला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात बहात्तर प्रतिनिधी जमले. अध्यक्ष होते कलकत्त्याचे बॅरिस्टर व्योमेशचंद्र बॅनर्जी. ही काँग्रेसची पहिली सभा. प्रतिनिधींमध्ये वकील मोठ्या संख्येने होते. त्यांच्या मागे मुखत्यारनामे मात्र नव्हते. बहुतेक जण आपापल्या संस्थांच्या वतीने किंवा स्वतःहूनच आले होते. प्रतिनिधी कोणी निवडायचे याचे नियम काँग्रेसला पुढे सावकाश करावे लागले.

पुण्याची सभा 1895 मध्ये टिळकांच्या ताब्यात आली आणि मग रानडे-गोखल्यांनी वेगळी डेक्कन सभा काढली. वाद तत्त्वांचा होता, माणसांचाही होता. तरी पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला तेव्हा टिळकांच्या सभेने काकांच्याच वाटेने काम केले. टिळकांनीही एलएल.बी. केले होते, पण वकिली केली नव्हती. सरकारच्या फॅमिन कोडमध्ये पीक बुडाल्यास सारा तहकूब करण्याची तरतूद होती. ती इंग्रजी पुस्तकात बंद होती. सभेच्या माणसांनी ती मराठीत उतरवली, गावोगाव नेली आणि शेतकऱ्यांना सांगितले की हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या. सरकारचाच कायदा सरकारविरुद्ध पुरावा म्हणून वापरायचा, ही काकांची रीत. फरक एवढाच की आता ती अहवालातून निघून थेट पक्षकाराच्या हाती गेली. काही कार्यकर्त्यांवर खटलेही झाले.

सरकारने 1897 मध्ये याला उत्तर दिले. सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा कोणताही अधिकार या सभेला आहे असे आम्ही यापुढे मानणार नाही, असे कळवून तिची मान्यता काढून घेतली. सत्तावीस वर्षे अर्ज घेणाऱ्या सरकारला वाटले, संस्थेचे तोंड बंद झाले. पण सभेचा बोलण्याचा अधिकार सरकारने दिलाच नव्हता. पक्षकाराने दिलेले वकीलपत्र रद्द करायचे असेल तर ते पक्षकारच करू शकतो, न्यायाधीश नव्हे. कोर्टातल्या कोणत्याही नवशिक्या वकिलाने हे सरकारला सांगितले असते. त्यानंतर सभेचे अर्ज परत येऊ लागले, आणि ज्यांच्या वतीने ते लिहिले जात त्या लोकांनी अर्जांवाचूनही आपले म्हणणे मांडायला सुरुवात केली.